पेन्सिलीएवढी धार

बाबा जानेवारीत गेले. या गावात हिवाळ्यात माणूस गेला तर लगेच माती देता येत नाही. जमीन गोठलेली असते, कुदळीला दाद देत नाही. त्यांची शवपेटी दफनभूमीतल्या दगडी कोठडीत ठेवली होती, मे महिन्यापर्यंत. तोवर आईला तिच्या घरातच राहू द्यायचं, एवढं सायमानं भावाकडून कबूल करून घेतलं होतं.

“मेपर्यंत,” रॉय म्हणाला होता. “तेही काही बिघडलं नाही तर. मग वृद्धाश्रम.”

“मला तेवढंच हवंय,” आई म्हणाली होती. “याच दारातून निघून त्यांना पोचवायला जाईन. नंतर मला कुठेही टाका.”

आईला उठता-बसताना उचलावं लागे, म्हणून सायमानं शहरातल्या नोकरीतून रजा घेतली आणि ती येऊन राहिली.

स्वयंपाकघरातला नळ डिसेंबरपासून चालूच होता. दरवर्षी गावच्या कचेरीतून पत्र यायचं, धार सोडा, पेन्सिलीएवढी. वाहतं पाणी जमिनीखाली गोठत नाही. बाबांनी खिडकीच्या खिळ्याला दोऱ्यानं एक पेन्सिल टांगून ठेवली होती, धार ताडून पाहायला. वसंत आला की नळ तेच बंद करायचे. दुसऱ्या कुणी त्याला हात लावायचा नाही.

सायमाला तो आवाज सोसवेना. पुस्तक उघडावं तर तेच पान तीनतीनदा वाचलं जाई. रुग्णालयातही बाबांचे शेवटचे चार दिवस असंच काहीतरी अखंड वाजत होतं.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात लख्ख ऊन पडलं. वळचणीतून पाणी ठिबकू लागलं, पोस्टमन कोट न घालता आला. दुपारी आई आत आडवी झाली होती. सायमानं नळ बंद केला.

घर गप्प झालं. जानेवारीपासून पहिल्यांदाच तिनं एका बैठकीत चाळीस पानं वाचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोडला तेव्हा नळ खोकल्यासारखा दोनदा वाजला आणि त्यातून काहीच आलं नाही.

पाणीखात्याचा टेड बेर्गलुंड दहाला आला. आई खुर्चीतूनच म्हणाली, “बूट काढ रे. मी अजून मेले नाहीये.”

“काढले असते, हिल्माकाकू. पण मोज्यांना भोकं आहेत.”

“तुझ्या बापाच्याही असायची.”

टेडनं तळघरात जाऊन पाइपात बारीक नळी घातली, गरम पाणी सोडत सोडत ती पुढे ढकलली. दोन तास तो गुडघ्यांवर होता. वर आला तेव्हा रॉयही पोचला होता.

“वळणाच्या पुढे जात नाही,” टेड म्हणाला. “पाइप पूर्वीचा लोखंडी असता तर वीज लावून आतला बर्फ वितळवला असता. तुमच्या बाबांनी, आर्वोकाकांनी, तो प्लास्टिकचा टाकून घेतला. शेजारच्या नळाला नळी जोडून पाणी घ्यावं तर दोन्हीकडची घरं बंद, कुणी राहत नाही. आता जूनपर्यंत थांबायचं.”

“पण थंडी तर ओसरली,” सायमा म्हणाली.

“वर ओसरली. ऊन पडलं की गारठा खाली उतरतो, ताई. आज तो सहा फुटांवर आहे, नेमका पाइपाशी. म्हणून तर एप्रिल संपेपर्यंत धार सोडायची.” त्यानं नळाकडे पाहिलं. “बंद कुणी केला?”

सायमानं तोंड उघडलं, तेवढ्यात आई म्हणाली, “मीच केला असेन. हल्ली मला कुठे काय आठवतं.”

“बघ,” रॉय सायमाला म्हणाला. “मी काय सांगत होतो? आज नळ, उद्या शेगडी पेटती ठेवेल.”

“आईनं नाही. मी केला,” सायमा म्हणाली. “काल दुपारी. मला आवाज नको झाला होता.”

रॉयनं आवाज खाली आणला. “कुणी का केला असेना. पाण्याविना तिला इथे कसं ठेवणार?”

“मी बादल्यांनी आणीन.”

“आणि तिला उचलणार कोण? बादली हातात घेऊन?”

टेड बूट न वाजवता निघून गेला. रॉय वृद्धाश्रमाला फोन करायला बाहेर गाडीत जाऊन बसला. सायमा आईचे कपडे कपाटातून काढून बॅगेत भरू लागली. मग पाव कापायला घेतला, वेलदोड्याचा, कालचाच. कॉफीला पाणी नव्हतं.

“आई, तू खोटं का बोललीस?”

“तुझ्यावर ठपका कशाला? तुला अजून भावाशी बोलायचंय पुढची वीस वर्षं.” आईनं पावाचा तुकडा तसाच हातात धरला. “आणि काल मी जागीच होते.”

“मग सांगितलं का नाहीस? पुन्हा सोडला असता.”

“आवाज थांबला,” आई म्हणाली. “मला वाटलं, आर्वो उठला आणि त्यानं नळ बंद केला. म्हणजे संपला हिवाळा. तशीच पडून राहिले. फार बरं वाटलं, सायमा.”

बाहेर गाडीचं दार वाजलं. सायमानं खिळ्यावरून पेन्सिलीचा दोरा सोडवला, पेन्सिल आईच्या कपड्यांमध्ये ठेवली आणि बॅगेची चेन ओढली.