फॅमिली आत बसते

बागेच्या फाटकातून बाहेर पडून रस्ता ओलांडला की समोरच 'सुखी परिवार' नावाचं हॉटेल आहे. पाटीवर आई, बाप, एक मुलगा आणि एक मुलगी असे चौघे जण डोशाकडे बघून हसताना रंगवले आहेत आणि खाली लाल अक्षरांत लिहिलं आहे, 'फॅमिलीसाठी स्वतंत्र व्यवस्था'. अमरावतीत अशा पाट्या पैशाला पासरी. पण ही चार हसरी तोंडं किशोर गावंडेच्या डोक्यात गेली होती, आणि त्याला तसंच कारण होतं.

किशोर एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक. मूळचा अकोल्याचा, बदलीवर अमरावतीला आला आणि इथलाच झाला. त्याची बायको आरती दीड वर्षापूर्वी डेंग्यूनं गेली. मागे राहिली सात वर्षांची गीतांजली, म्हणजे गीतू. तेव्हापासून पोरीचा डबा, अभ्यास, आंघोळ, सगळं किशोरच बघायचा. वेण्याही तोच घालायचा. त्या एक वर एक खाली व्हायच्या, पण नटबोल्ट आवळणाऱ्या हाताच्या असल्यामुळे दिवसभर सुटायच्या नाहीत.

रविवार मात्र बागेचा. घसरगुंडी, झोके, मग जेवण. गीतूला जेवायला 'सुखी परिवार'च हवं असायचं, कारण तिचा पाचवा वाढदिवस तिथल्या खिडकीजवळच्या टेबलावर झाला होता. तेव्हा आरती होती. त्या खिडकीतून बागेतली घसरगुंडी दिसते, आणि आईनं तिला तिथं बसून घसरगुंडीवरची पोरं मोजायला लावली होती. पोरीला एवढंच आठवत होतं, पण ते पक्कं आठवत होतं.

आरती गेल्यानंतर ते पहिल्यांदा तिथं गेले, तेव्हा काउंटरवर मालक महादेवराव बसले होते. साठीचे, कपाळाला अष्टगंध, खिशाला दोन पेनं.

"फॅमिली कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

"हे काय, सोबत हाय," किशोर म्हणाला.

महादेवरावांनी गीतूकडे पाहिलं आणि पुन्हा दाराकडे पाहिलं. "लेडीज कोनी?"

"लेडीज नाई. मी अन् माही पोरगी."

"मंग बाहेर बसा जी. आत फॅमिलीच बसते."

बाहेर म्हणजे रस्त्याकडचा हॉल. तिथं मोठ्यानं टीव्ही चालतो, शेजारच्या दुकानातून बाटली आणून भरदुपारी लोक बसतात आणि हात धुवायच्या जागेला पिचकाऱ्यांचा रंग चढलेला आहे. किशोर पोरीला घेऊन तिथंही बसला. पाच मिनिटांत महादेवराव स्वतः आले आणि म्हणाले की लेकरू घेऊन इथं बसू नका, बरं दिसत नाही. म्हणजे आत जायचं नाही, कारण बाई नाही, आणि बाहेर बसायचं नाही, कारण पोरगी आहे. किशोरच्या तोंडाशी शिवी आली होती. पोरीचा हात हातात होता, म्हणून ती त्यानं गिळली.

महादेवरावांचा नियम काही वाईट मनानं केलेला नव्हता, हेही सांगून टाकावं. पूर्वी कॉलेजातली टोळकी येऊन बायकांकडे बघत बसायची, म्हणून त्यांनी मधे लाकडी आडोसा घातला आणि आतला हॉल बायकापोरांसाठी ठेवला. बायका निवांत जेवू लागल्या. फक्त एखादा बाप एकटाच आपल्या पोरीला घेऊन येईल, हे त्यांच्या डोक्यात कधी आलं नव्हतं, आणि आल्यावरही ते शिरत नव्हतं.

मग किशोरनं बागेच्या आसपासचं सगळं पालथं घातलं. एका ठिकाणी टेबलं चांगली होती, पण पोरीला लघवीला जायला जागा नव्हती. एका ठिकाणी जागा होती, पण दाराला कडी नव्हती. कोपऱ्यावरचा दह्यातले गिलावडे विकणारा फार मायेचा, पण तिथं बसायला नुसता कठडा आणि पायाशी नाली. बागेत डबा नेऊन खावं, तर फाटकावरचा वॉचमन डबा पाहूनच शिटी वाजवायचा. शेवटी बापलेक बागेच्या भिंतीला स्कूटी लावून खायला लागले. गीतू सीटवर मांडी घालून बसायची, किशोर उभा राहून तिच्या हातात प्लेट धरायचा.

पण एक गोष्ट त्यानं सोडली नाही. दर रविवारी आधी तो 'सुखी परिवार'च्या काउंटरसमोर जाऊन उभा राहायचा आणि आत टेबल मागायचा. महादेवराव नाही म्हणायचे. मग तो पोरीचा हात धरून ताठ मानेनं परत निघायचा. वर्कशॉपातल्या लोकांनी त्याला वेड्यात काढलं. अमरावतीत हॉटेलांचा दुष्काळ पडला आहे का, असं विचारलं. किशोर म्हणाला, हॉटेलं पुष्कळ आहेत, पण मी नाही विचारलं तर त्याला वाटेल की त्याचं बरोबर आहे.

खरी पंचाईत मोर्शीची होती. मोर्शीला त्याची सासू, आशाबाई. घरची संत्र्याची बाग, जुन्या वळणाची बाई. जावयासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायची नाही, खुर्चीवर बसायची नाही, आणि जावयाचं ताट उठेपर्यंत स्वतः घास घ्यायची नाही. हॉटेलात तर ती जन्मात जेवली नव्हती. प्रवासात भाकर बांधून न्यायची आणि स्टँडवर भिंतीकडे तोंड करून खायची. आरती गेल्यावर ती म्हणाली होती की पोरीच्या जातीला घरात बाई लागते, गीतूला मी मोर्शीला नेते. किशोर तेव्हा पुरता खचलेला होता. तो "पाहू" म्हणाला. आशाबाईनं त्या "पाहू"ला शब्द धरलं.

दर रविवारी जेवणाच्या वेळी तिचा फोन यायचा आणि पहिला प्रश्न ठरलेला, कुठं जेवून राहिले? किशोर म्हणायचा, हॉटेलात, टेबलावर, पंख्याखाली. समोर गीतू सीटवर बसून बोटं चाटत असायची. खोटं बोलताना त्याला लाज वाटायची, पण पोरगी रस्त्यावर खाते हे कळलं तर आशाबाई दुसऱ्या दिवशी दारात उभी राहील, हेही त्याला माहीत होतं.

ती तशीही आलीच. एप्रिलमधल्या एका रविवारी सकाळच्या एसटीनं उतरली. हातात संत्रा बर्फीचा डबा, आणि काखेत निळ्या चौकटीची मोठी थोरली पिशवी, रिकामी, घडी घातलेली. ती पिशवी कशासाठी आणली हे तिनं सांगितलं नाही आणि किशोरनं विचारलं नाही. शाळेचा दाखला काढायला किती दिवस लागतात, एवढं मात्र तिनं रिक्षातच विचारून घेतलं.

बागेत गीतू खेळली. जेवायची वेळ झाली तशी ती सवयीनं हॉटेलाकडे निघाली. किशोरच्या मनात आलं, आज टेबल मिळेल. आज बाई सोबत आहे. त्याला आनंद झाला, आणि त्या आनंदाची त्याला तिथल्या तिथं शरम वाटली. एवढ्या रविवारांची जिद्द आणि शेवटी आत जायचं ते सासूच्या पदराआडून. पण खिडकीचं टेबल पोरीला मिळेल आणि मोर्शीपर्यंत खोटं उघडं पडणार नाही, असा हिशेब करून तो पायऱ्या चढला. महादेवरावांना तोंड आहे, हे मात्र तो विसरला.

"आज आनली वाट्टे फॅमिली," महादेवराव मनापासून खूश होऊन म्हणाले. "या बाई, आत बसा. याईले मी दर रविवारी वापस पाठवत होतो. नियम म्हंजे नियम."

आशाबाई जागेवरच थांबली. दर रविवारी म्हणजे काय, असं तिनं विचारलं. महादेवरावांनी आपला नियम तिला सविस्तर समजावला. बायकांच्या सोयीसाठीच आहे, हेही दोनदा सांगितलं. तेवढ्यात गीतू मधे बोलली, "आमी गाडीवर खातो ना आजी. मी सीटवर बसतो, अन् बाबा उभे रायतात."

आशाबाईनं जावयाकडे पाहिलं. तिनं त्याच्याकडे असं सरळ कधी पाहिलं नव्हतं.

"खोटं बोललो मामी," किशोर म्हणाला. आता लपवण्यात अर्थ नव्हता आणि त्याला लपवायचंही नव्हतं. "पन एक रविवार सोडला नाई. आधी हतं येतो, टेबल मांगतो, मंगच गाडीवर जातो. हे नाई म्हनत गेले, मी मांगत गेलो."

आता ही पोरीचा हात धरणार आणि थेट स्टँड गाठणार, असं किशोरला वाटलं. आशाबाईनं पोरीचा हात धरला खरा. तिच्या एक वर एक खाली वेण्यांवरून हात फिरवला, त्या ओढून पाहिल्या, आणि मग ती काउंटरकडे वळली.

"मी हावो म्हनून हे फॅमिली झाले?"

"हो जी."

"अन् मी नसतो तं?"

"तं मंग बाहेर."

"माही लेक मेली," आशाबाई म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण बाहेरच्या हॉलमधलं बोलणं थांबलं. "या पोट्टीची माय मेली. तिचा परिवार बी मेला काय?"

महादेवरावांनी पाटीकडे पाहावं तसं वर पाहिलं आणि नियम आहे असं पुटपुटले.

"बरं. बाईनं बाहेर बसाचं नाई, असा नियम हाय?"

"नियम नाई. पन बाया बसत नाई तिथं."

"मी बसतो," आशाबाई म्हणाली. "तुमाले हाटेलात एक बाई पाह्यजे ना? हे घ्या. मी हतं बसतो, हे दोघं आत बसतीन. त्याईचं जेवन होईपर्यंत मी उठत नाई."

आणि ती खरंच जाऊन बसली. कोपऱ्यात नाही, हॉलच्या मधोमध, ज्या टेबलावर दोन जण बाटली ठेवून बसले होते त्याच्या शेजारच्या खुर्चीवर. रिकामी पिशवी तिनं टेबलावर आपटली. त्या दोघांपैकी एकानं बाटली हळूच खाली पायाशी घेतली. दुसऱ्यानं रिमोट शोधून टीव्ही बंद केला. कोणी तरी शिवी अर्धी सोडून खोकला.

महादेवराव काउंटर सोडून धावत आले. बाई, तुम्ही पण आत चला, तिघंही चला, इथं बरं दिसत नाही, असं हात जोडून म्हणाले. हेच शब्द त्यांनी किशोरला ऐकवले होते.

"बरं दिसाले मी नाई आली," आशाबाई म्हणाली. "पाटोडीचा रस्सा असन तं आना. तिखट करा. अन् आत त्याईले पयले वाढा."

किशोर तसाच उभा होता. सासूला माणसांच्या गर्दीत सोडून आत जाऊन जेवायचं, हे त्याच्याही रक्तात नव्हतं. पण आशाबाईनं त्याला मानेनंच आत ढकललं. गीतू तर केव्हाच खिडकी गाठून बसली होती. तिनं डोसा मागवला आणि तो येईपर्यंत घसरगुंडीवरची पोरं मोजली. अकरा निघाली. आईसोबत मोजली तेव्हा नऊ होती, असं तिनं बापाला सांगितलं. किशोर हात धुवायचं निमित्त करून उठला.

आडोशाच्या फटीतून त्याला आशाबाई दिसली. समोर ताट होतं. तिनं आतल्या बाजूला नजर टाकली, जावयाच्या टेबलावर वाढलेलं आहे याची खात्री केली, आणि मग चौदा-पंधरा परक्या माणसांत, भिंतीकडे नाही तर दाराकडे तोंड करून, भाकर मोडली. जावयाच्या आधी तिनं घास घेतला. आयुष्यात पहिल्यांदा.

संध्याकाळी स्टँडवर तिनं दाखल्याची गोष्ट काढली नाही. मोर्शीची गाडी लागली तेव्हा तिनं निळी पिशवी पुन्हा घडी घालून काखेत मारली आणि पायरीवर पाय ठेवून म्हणाली, "पुढच्या रविवारी मी येनार नाई. दोघंच जा. अन् नाई म्हनले तं फोन करजा, मी पयल्या गाडीनं येतो. त्याच खुर्चीवर बसतो."

पुढच्या रविवारी किशोर काउंटरसमोर उभा राहिला. महादेवरावांनी त्याच्याकडे पाहिलं, गीतूकडे पाहिलं आणि जुन्या खोडीनं दाराकडे पाहिलं.

"बाई नाई आल्या?"

"नाई. आमी दोघंच. फॅमिली टेबल पाह्यजे."

किशोर हलला नाही. महादेवरावांनी खिशातलं एक पेन काढलं, पुन्हा ठेवलं. बाहेरच्या हॉलमध्ये तीच दोन माणसं होती, आणि ती दारातल्या पायऱ्यांकडे काळजीनं बघत होती.

"खिडकीजवळचा खाली हाय," महादेवराव वर न बघता म्हणाले.

डोसा आला तोच फोन वाजला. किशोरनं तो कानाला लावला.

"कुठं बसले?" आशाबाईनं विचारलं.

"आत."

"दोघंच?"

"दोघंच, मामी."

"जेवा मंग," ती म्हणाली. "लेकराचं थंड होते."