तळातला नमुना

ती गेल्याचा फोन आला तेव्हा पहाटेचे पावणेसहा झाले होते आणि मी तिसऱ्या गाईची धार काढत होतो. फोन मेहुणीचा. हॉस्पिटलात तीच सोबत होती. "भाऊजी, ताई गेली," एवढंच बोलली. दोन गाई अजून राहिल्या होत्या. त्यांना थांबा म्हणून कोण सांगणार? धार पुरी केली, कॅन गाडीवर चढवले आणि संकलन केंद्रावर गेलो.

केंद्र माझा धाकटा भाऊ चालवतो. त्याने आदल्या संध्याकाळच्या दुधाच्या कॅनमध्ये पळी तळापर्यंत घातली, नमुना यंत्राला लावला आणि चिठ्ठी फाडून दिली. फॅट तीन पॉइंट एक. मग रांगेकडे बघून म्हणाला, "वहिनी दवाखान्यात आहेत, तरी पाणी काही थांबलं नाही हो!"

चार-दोन जण हसले.

"ती गेली," मी म्हणालो. "आत्ताच."

त्याचं तोंड उतरलं. बाहेर येऊन माझ्या गळ्यात पडला, रडला. चिठ्ठी मात्र तीच ठेवली. याला सोडायचं नाही, हे मी तिथेच ठरवलं.

आमच्याकडे हमीभाव दूध संघ ठरवतो, वर्षातून दोनदा. त्यासाठी बारा घरांत जाऊन विचारतात, चारा कितीला पडला, पेंड कितीला, गुरांच्या डॉक्टरला काय दिलं. त्या बारांत आमचं घर होतं. आकडे बायको सांगायची, तोंडपाठ. तिच्या आकड्यांवर भाव ठरायचा आणि आम्हालाच मिळायचा नाही. कारण साडेतीन फॅट लागली तरच हमी. खाली लागली की बाजारात जो चालेल तो भाव. चौदा महिने आमचं दूध खाली लागत होतं. खातं तिच्या नावावर, म्हणून पाणी घालणारी तीच ठरली.

गोम तिनेच शोधली होती. संध्याकाळचं दूध रात्रभर कॅनसकट गार पाण्याच्या हौदात राहतं. सकाळी साय वर आलेली असते, तळाला पातळ. नमुना घेण्याआधी ढवळायचं असतं. भाऊ ढवळायचा नाही. आमची पळी तळाला, स्वतःच्या कॅनची वरच्या सायीत. आमची कमी, त्याची जास्त; टँकरची एकूण फॅट जुळली की संघ काही विचारत नाही.

एक दिवस ती घरून ढवळणी घेऊन गेली.

"काय वहिनी, लोणी काढायला आलात का?" हा म्हणाला.

सगळी रांग हसली. ती ढवळणी घेऊन तशीच परत आली. मग तिने संघाला अर्ज लिहिला: गोठ्यावर या, तुमच्यासमोर धार काढते, तेव्हा दूध तपासा. असा हक्क आहे खातेदाराला. अर्ज केंद्रातूनच जावा लागतो, असं भावाने सांगितलं आणि ठेवून घेतला. हॉस्पिटलात ती मला दोनदाच काही विचारू शकली. दोन्ही वेळा अर्जाचंच.

ती गेल्यावर खातं माझ्या नावावर झालं. नवा अर्ज मी संघाच्या कचेरीत स्वतः नेऊन दिला. तपासनीस बाई आल्या, संध्याकाळी. माझ्या गोठ्यात उभ्या राहून धार बघितली, नमुना घेतला, कॅनला सील लावलं. फॅट चार. सकाळी त्यांनीच सील काढलं आणि रिकामी बरणी घेऊन माझ्यामागे रांगेत उभ्या राहिल्या.

"नवीन खातं का, ताई?" भावाने विचारलं.

"बघू, भाव कसा मिळतो ते," बाई म्हणाल्या.

"दूध चांगलं असलं की भाव मिळतो. आता हे आमचे दादा..." असं म्हणत त्याने पळी घातली. तळापर्यंत.

तीन पॉइंट एक.

बाईंनी ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. मी भावाकडे बघत होतो. पळी हातातच राहिली त्याच्या, दूध बुटावर ठिबकत होतं. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, खूप बरं वाटलं.

संघाने केंद्र त्याच्याकडून काढून घेतलं. चार दिवसांनी तो घरी आला.

"दादा, वहिनी असत्या तर त्यांनी मला वाचवलं असतं."

"वाचवलं असतं तिने. म्हणूनच तिला आधी मारलंस का?"

"असं नको रे बोलू. त्या आजारी होत्या."

"आजारी होती, चोर नव्हती."

तो फरकाचे पैसे देतो म्हणाला. नको म्हटलं. त्याच्या गाई देतो म्हणाला. तेही नको. मी एकच मागितलं: सकाळी रांग लागलेली असताना केंद्रावर यायचं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं, वहिनीच्या दुधात पाणी नव्हतं.

"लोकांसमोर?"

"तिच्यावर हसवलंस ते लोकांसमोरच ना?"

तो उठला, चपला घातल्या आणि गेला. त्याचं दूध आता त्याची बायको आणते, खाली मान घालून. नवा माणूस प्रत्येक कॅन ढवळतो. आमच्या दुधाला हमीभाव मिळतो. मी रोज माझं माप झाल्यावरही शेवटच्या कॅनपर्यंत थांबतो.

सात महिने झाले. तो अजून आलेला नाही. ते वाक्य अजून कुणी म्हटलेलं नाही.