ट्यूबनर बाईंसमोरची खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे, मित्रांनो, आणि माझा कुणावरही विश्वास नाही. तुमच्यावरही नाही. माणूस तोंडाने काय सांगतो ते समोरच्याने ऐकावं. तो कुठे अवघडलाय आणि कमरेला काय लपवून आलाय, हे फक्त मला कळतं.

माझा जन्म पूर्व टेक्सासमधला. अक्रोडासारखी फळं देणाऱ्या ज्या पेकनच्या झाडापासून मी झाले, ते वादळात उन्मळून तीन मैल उडत आलं आणि थेट सुताराच्या अंगणात अलगद उतरलं, असं तो सुतार सांगायचा. खोटंही असेल. पण त्याने एकही खिळा न मारता मला जोडली, हे मात्र माझ्या अंगावर पाहून घ्या.

मग मी कॉलेजात आले. माझ्यावर बसून एक गलेलठ्ठ सिनेटर दोन तास घोरला, आणि जागा झाल्यावर माझ्याच हाताशी हस्तांदोलन करून गेला. तेव्हा मला दर शनिवारी तेल-पॉलिश होई. पुढे गुबगुबीत, चाकांच्या खुर्च्या आल्या आणि मी इतिहास शिकवणाऱ्या विनिफ्रेड ट्यूबनर बाईंच्या खोलीत आल्या-गेल्यांसाठी उरले. पॉलिश संपलं. माझ्या बैठकीखाली च्युइंगमचे एकसष्ट गोळे चिकटले. मागचा डावा पाय खिळखिळा झाला, तरी कुणी विचारलं नाही.

तेवढ्यात राज्यात तो कायदा आला. एकवीस वर्षं पूर्ण झालेल्या आणि परवाना असलेल्या माणसाला कॉलेजात पिस्तूल आणायची मुभा मिळाली. अट एकच, ते दिसता कामा नये. दिसत नाही म्हटल्यावर बाईंना ते सगळ्यांच्याच कमरेला दिसू लागलं. स्वतःच्या खोलीत मनाई करायची सवलत आमच्या कॉलेजाने शिक्षकांना दिली होती, पण दारावर पाटी लावून चालत नसे. येणाऱ्या प्रत्येकाला तोंडी सांगावं लागे. म्हणून "ये, बस" म्हणायच्या आधी बाई म्हणायच्या, "या खोलीत पिस्तूल चालत नाही." पोरांना सांगायच्या, पोरांच्या आईबापांना सांगायच्या. एकदा तर खिडकीत बसलेल्या खारीलाही सांगितलं. ती तडक निघून गेली. का गेली, याचा मला अजून संशय आहे.

सांगायच्या नाहीत त्या फक्त ओपलला. ओपल म्हणजे विभागाची कारकून, बाईंची वीस वर्षांची मैत्रीण. दर गुरुवारी ती पेकन-पाय, म्हणजे पेकनचं सारण भरून भाजलेला गोड पदार्थ, घेऊन येई, माझ्यावर ऐसपैस बसे आणि साऱ्या कॉलेजाच्या भानगडी सांगे. तिच्या उजव्या कमरेचं काहीतरी कठीण माझ्या हाताला लागायचं. पाठ धरत असेल, पट्टा बांधत असेल, असं मी समजून चालले. विश्वास ठेवला तो एवढा एकच, मित्रांनो.

मे महिन्यातल्या एका गुरुवारी रूडी एस्कामिया आला. दक्षिणेकडच्या सीमेवरचा, लाजाळू आणि घामाघूम. शेवटचा पेपर त्याचा बुडाला होता. तो पुन्हा द्यायच्या अर्जावर बाईंची सही हवी होती, आणि अर्ज बारा वाजेपर्यंत कचेरीत पोचवायचा होता. नाहीतर पदवी राहणार आणि गावच्या शाळेतली ठरलेली नोकरी दुसऱ्या कुणाला जाणार. घड्याळात साडेअकरा झाले होते.

बाईंनी नेहमीचं वाक्य म्हटलं. रूडी म्हणाला, "हो मॅडम," आणि बसला. त्याच्या उजव्या कमरेचं काहीतरी कठीण माझ्या हाताला लागलं. सदऱ्याखालचा उंचवटा बाईंनीही पाहिला.

पेपरला का आला नाहीस, असं त्यांनी विचारलं. तब्येत बरी नव्हती, एवढंच तो म्हणाला, आणि त्याचा हात कमरेकडे गेला. बाईंनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. माझ्याकडे नाही, असं त्याने सांगितलं, आणि हात पुन्हा तिथेच गेला. बाईंनी पेनाचं टोपण बंद केलं आणि फोन उचलला. सुरक्षावाले आमच्याकडे पिस्तुलं उपसूनच येतात, आणि तेव्हा पोराचा हात कुठे आहे यावर सारं ठरतं. मला दया आली नाही. हा तसलाच, असं मीही ठरवून टाकलं होतं.

एवढ्यात पेकन-पाय घेऊन ओपल आली. रूडी चटकन उठला. तिला बसायला जागा द्यावी, एवढं वळण त्या घाबरलेल्या पोराला होतं. बाईंनी फोन हातात तसाच धरून काय झालं ते तिला सांगितलं. ओपल माझ्यावर टेकली.

आणि मला कळलं. पोराच्या कमरेचं मघाचं होतं ते हलकं, अंगासारखं ऊबदार होतं, हळूच गुणगुणत होतं. आताचं होतं थंड, वजनदार लोखंड. वीस वर्षांच्या विश्वासाचा असा धक्का बसला की माझा मागचा पाय कडकन मोडला. मी मुद्दाम मोडला असं म्हणत नाही. तुम्ही म्हणा.

ओपल एका बाजूला पडली, पेकन-पाय दुसऱ्या बाजूला, आणि चामड्याच्या खोळीसकट पिस्तूल बरोबर बाईंच्या बुटांपाशी.

तेवढ्यात रूडीची कंबर टिटिट वाजली. त्याने सदरा वर केला. "इन्सुलिनचा पंप आहे, मॅडम. मला मधुमेह आहे. पेपरच्या सकाळी साखर उतरली, उठताच आलं नाही. कुणाला सांगत नाही मी."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही पिस्तुलाचंच विचारत होतात."

बाईंनी फोन ठेवला. मग ओपलकडे वळल्या. "तू? माझ्या खोलीत?"

"परवाना आहे माझा," ओपल केसातला पेकन-पाय झटकत म्हणाली. "आणि नियम तोंडी सांगायचा आहे, विनी. तू खारीला सांगितलंस. मला कधी सांगितलंस?"

बाईंनी खाली मान घालून सही केली. बारा वाजायला नऊ मिनिटं होती. रूडी अर्ज घेऊन धावत सुटला, तो पोचलाही.

पुढच्या गुरुवारी ओपल दारात आली तेव्हा बाई उठून उभ्या राहिल्या आणि ते वाक्य त्यांनी मैत्रिणीला पहिल्यांदा म्हटलं. ओपल तशीच वळली. गाडीपर्यंत गेली, पिस्तूल तिथे कुलपात ठेवलं आणि परत येऊन पेकन-पाय कापला. बाईंनी पहिला तुकडा खाल्ला. जरा थांबून.

माझा पाय रूडीने जोडून दिला. च्युइंगमही खरवडलं, पण साठच गोळे. एकसष्टावा लाजून तसाच ठेवला, तो त्याचाच असावा.

तर मित्रांनो, जुन्या खुर्चीचा पाय डुगडुगू लागला तर वेळेवर बघा. आणि समोर कुणी कमरेवर हात ठेवून अवघडून बसलं असेल, तर फोन उचलायच्या आधी त्याला एवढं विचारा, बाबा रे, दुखतंय का कुठे? संशय घ्यायला मी आहेच. मी अजून सगळ्यांवर घेते. फक्त आता आधी नीट तोलून बघते.