सभेत वाचणारी मुलगी

त्या काळी मुलीला अक्षर आलं की तिचं डोकं फिरतं, असं मानणारी माणसं गावोगाव होती. मुलींची शाळा चालवणाऱ्या बाईंनी त्यांच्याशी वाद घालणं केव्हाच सोडून दिलं होतं. सभेत त्या सरळ म्हणायच्या, "घरातला छापलेला कुठलाही कागद आणा. आमची पोर वाचून दाखवेल." मग कुणी जुनं वर्तमानपत्र आणी, कुणी औषधाची बाटली. एकदा एका म्हाताऱ्याने कागद मुद्दाम उलटा दिला. पोरीने तो सुलटा केला, तेव्हाच निम्मी सभा बाईंची झाली होती.

बाईंना गावोगाव नेणाऱ्या गाडीचा चालक त्या पोरीला पोपटीण म्हणे. तिला राग येत नसे. तिच्या बापाच्या दारात संध्याकाळमागून संध्याकाळ बसून बाईंनी तिला शाळेसाठी मागून घेतलं होतं. बाईंच्या शब्दावर तिने आगीतही उडी घेतली असती.

वाचन झालं की बाई तरण्या पोरांना जवळ बसवून कुणाला कोणता धंदा शिकता येईल ते समजावत. सुतारकाम, इंजिनदुरुस्ती, दाईचं काम. पोपटिणीला गुरांच्या दवाखान्यातलं काम शिकायचं होतं. घरी असताना कुणाची गाय विताना अडली की लोक तिलाच हाक मारायचे, इतका तिचा हात बसला होता. शहरात त्या कामाचा वर्ग चालायचा. "तुझं नाव मी घालते," असं बाई म्हणाल्या होत्या. मग जागा भरल्या, असंही त्याच सांगायच्या. "पुढच्या खेपेला बघू, बाळ."

त्या दिवशी सभेला पाहुणे म्हणून त्याच वर्गाचे गुरांचे डॉक्टर आले होते. शाळेच्या व्हरांड्यात चहा घेता घेता ते पोपटिणीला म्हणाले, "रक्त बघून घेरी येते ती तूच ना?"

"मला?"

"बाई स्वतः येऊन सांगून गेल्या. तरी दोन वर्षं तुझी जागा राखली होती आम्ही. आता वयात बसत नाहीस, पोरी."

चालक बशीत चहा ओतता ओतता थांबला. "हिला घेरी? साहेब, परवा हिने वाटेत गाडी थांबवून कुणाची तरी अडलेली म्हैस सोडवली. घेरी मला आली होती."

डॉक्टर हसले, आणि तिच्याकडे बघून त्यांनी कप खाली ठेवला.

बाई आत सतरंजी अंथरत होत्या. तिचं तोंड बघून त्यांनी हातातलं टोक खाली ठेवलं. तिने डॉक्टरांचं बोलणं सांगितलं, तेव्हा त्यांनी नाकारलं मात्र काहीच नाही.

"तू गेली असतीस तर सभेत वाचलं कुणी असतं? मी वाचलं की म्हणतात, ही शहरातली. तू त्यांच्यातली आहेस."

"मला विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर तू माझ्यासाठी राहिली असतीस. ते ओझं मला नको होतं."

"म्हणून मला भित्री ठरवलंत?"

"चार गावची जनावरं बरी केली असतीस तू. इथे तुझ्याकडे बघून किती पोरी शाळेत बसल्या, ते तूच आठव." बाईंनी सतरंजी पुन्हा हातात घेतली. "माणसं जमलीत. मागून काय ते बोल मला."

आज तोंड उघडायचंच नाही, असं तिने ठरवलं. बायका पुढे येऊन बसल्या. एकीने बियाण्याच्या पिशवीवरची चिठ्ठी पुढे केली. तिच्या पदराआडून एक लहान पोर पोपटिणीच्या ओठांकडे टक लावून बघत होती. न वाचून चालणार नव्हतं. आणि बाईंना हे आधीपासून ठाऊक होतं, म्हणूनच त्या खुर्चीत इतक्या निवांत बसल्या होत्या. त्या खोट्यापेक्षा तिला हे जास्त लागलं.

ती वाचत गेली. कुठे अडली नाही.

त्या लहान पोरीचा बाप उठला. "पाठवतो मी हिला. पण शिकून पुढे काय, तेवढं सांगा."

बाईंनी नेहमीसारखा पोपटिणीकडे हात केला. नेहमीचं उत्तर तिला तोंडपाठ होतं.

"पाठवा, काका," ती म्हणाली. "पुढे काय ते हिलाच विचारा. आणि हिचं नाव घालायला तुम्ही स्वतः जा. दुसऱ्या कुणावर सोपवू नका."

"बाईंवरसुद्धा नाही का?" मागून कुणीतरी गमतीने विचारलं. सभा हसली.

"बाईंवरसुद्धा नाही."

हसू जागच्या जागी विरलं. बाई उठल्या, पदर सारखा केला आणि पुढच्या रांगेतल्या मुलींना त्यांची नावं विचारू लागल्या.

पोपटीण चपला घालून बाहेर आली. चालकाने गाडीचं दार उघडून धरलं.

"मी चालत जाते. बापाच्या घरी."

"लांब आहे गं."

"असू दे," ती म्हणाली, आणि रस्त्याला लागली.