दोन तोंडांची मोरी

मित्रांनो, आधी नाकावरचा रुमाल काढा. मोरी म्हटल्यावर तुम्हाला न्हाणीतली मोरी आठवली असेल, तर त्याला मी काय करू? मी कोल्हापुरातल्या एका पेठेत, रस्त्याच्या पोटाखाली बसलेली दगडी मोरी आहे. जुनी आहे, पण मोडकी नाही. माझ्या डोक्यावरून दुधाच्या किटल्या जातात, शाळेच्या रिक्षा जातात, उसाचे ट्रॅक्टर जातात, वराती नाचत जातात. पोटातून ओढा जातो. पेठेच्या वरच्या अंगाचं सगळं पाणी तो माझ्याकडे आणून टाकतो आणि मी ते पंचगंगेच्या वाटेला लावते. एवढंच माझं काम. पण ते मी कधी टाळलेलं नाही. आजारी आहे म्हणून चिठ्ठी पाठवली नाही की दिवाळीची सुट्टी मागितली नाही. तुमच्यापैकी किती जणांना असं छातीवर हात ठेवून सांगता येईल?

माझा जन्म संस्थानाच्या काळातला. नेमकं साल विचारू नका, मला अक्षर येत नाही. साल कोरलेला एक दगड माझ्या अंगावर होता म्हणतात, तो कधीच डांबराखाली गेला. वडारांनी काळा दगड घडवून मला बांधलं. बैल घाणीला जुंपून चुना मळला. एकेक दगड त्यांनी असा निरखून बसवला, की स्थळ बघायला गेलेली माणसंही पोरीला इतकं निरखत नसतील. आणि मला दोन तोंडं दिली. एक खाली, ते बाराही महिने वाहतं. दुसरं हातभर उंचावर, ते पावसाळ्यातच उघडतं. उन्हाळ्यात कोरडं पडलेलं बघून लोकांना वाटतं, हे उगाचच केलंय. अहो, घरात जास्तीचं ताट ठेवतो ते रोज पावणा येतो म्हणून का?

माझे चांगले दिवस मी बघितले आहेत. माझ्या काठावर बायका वाकळा धुवायच्या, पोरं खेकडे धरायची, म्हशी पाण्यात डुंबून उन्हाला लकाकायच्या. पावसाळ्याच्या तोंडावर गाळ काढणारी माणसं यायची. त्यांचा मुकादम कठड्यावर बसून तंबाखू मळत म्हणायचा, "अशी गुणाची मोरी पेठेत दुसरी न्हाय." मी ऐकून न ऐकल्यासारखं करायची. कौतुकानं पाघळणं माझ्या रक्तात नाही.

मग ती माणसं यायची थांबली आणि पिशव्या यायला लागल्या. देव्हारा लखलखीत ठेवणारी माणसं निर्माल्याच्या पिशवीला घट्ट गाठ मारतात, माझ्या अंगावर फेकतात आणि वर हात जोडतात. कुणाची फाटकी गादी, कुणाचं थर्माकोलचं मखर, कुणाची एकच चप्पल. दुसरी कुठं असते देव जाणे. मी सगळं गिळलं. गिळलं म्हणजे पचलं असं नव्हे.

आता माझ्या शेजाऱ्यांची ओळख करून देते, कारण पुढची सगळी भांडणं त्यांची आहेत.

माझ्या वरच्या अंगाला, ओढ्याला लागून तानाबाईचा गोठा आहे. नवरा गेल्यावर तिनं म्हशींवर दोन पोरी शिकवल्या आणि उजवल्या. रोज संध्याकाळी कट्ट्यावर म्हशी उभ्या करून, गिऱ्हाइकासमोर धार काढून ती फेसाळतं दूध विकते. दुधात पाणी घातलं का, असं विचारायची छाती पेठेत कुणाची नाही.

माझ्या दुसऱ्या अंगाला उंच जोत्यावर तालीम आहे. आत लाल मातीचा हौदा. त्या मातीत ताक, हळद, लिंबू घालतात आणि पैलवान तिच्या पाया पडूनच उतरतात. तालमीतला शब्द आण्णा वस्तादांचा. पण गणपती, मोहरम आणि वर्गणी बघणारा अध्यक्ष म्हणजे बाळासो. वाईट नाही पोरगा. कुणाच्या घरात मयत झाली तर पहिला धावून जाणारा तोच. फक्त डोक्यात काही आलं की ते लगेच हातात येतं, मध्ये कुठं थांबत नाही.

तर एका उन्हाळ्यात बाळासोच्या डोक्यात आलं, की ढोल ठेवायला जागा पाहिजे. तो माझ्या कोरड्या तोंडात वाकून शिरला, आत टाळी वाजवून बघितली आणि रशीदला हाक मारली. रशीद गवंडी, त्याच तालमीत वाढलेला.

"रशीद, वरच्या बाजूनं भिंत घाल, खालच्या बाजूला शटर बसवू. फुकटातली खोली झाली की लगा!"

"आन पावसात पाणी आलं म्हंजे?"

"पाण्याला ते दुसरं तोंड हाय की. एका मोरीला दोन-दोन तोंडं कशाला पायजेत?"

कशाला पाहिजेत म्हणे! तुला दोन नाकपुड्या कशाला दिल्यात, हे कधी विचारलंस का रे? पण माझं बोलणं कुणाला ऐकू जातंय. रशीदनं डोकं खाजवलं, पण अध्यक्षांपुढं काय बोलणार? विटांची भिंत उभी राहिली. माझ्या घशात ढोल आले, गणपतीच्या मांडवाचे बांबू आणि मोहरमच्या पंजांच्या छत्र्या शेजारी शेजारी जाऊन बसल्या. शटरवर तालमीचं नाव रंगवलं. मी गप्प बसले नाही हं. उरलेल्या एका तोंडानं दोन्हींचं काम करत राहिले. पावसाळे तसेच निघाले. लोक म्हणाले, बघा, काही झालं नाही.

मागच्या आषाढात झालं.

नदी आधीच फुगलेली होती, त्यामुळे माझ्यापुढचं पाणी हलायला तयार नव्हतं. त्यात दुपारी असा पाऊस आला की समोरचं दिसेना. वरून ओढा धावत आला, आणि त्याच्याबरोबर तुमच्या सगळ्या पिशव्या आल्या. माझ्या एका तोंडात त्यांचा बोळा बसला. दुसरं तोंड असतं तर पाणी तिकडून गेलं असतं. तिथं रशीदची भिंत होती. पाणी भिंतीवर आपटलं, मागं फिरलं आणि गल्लीत शिरलं. घराघरांत चुली विझल्या. सगळ्यात आधी बुडाला तानाबाईचा गोठा, कारण तोच सगळ्यात खाली.

तिनं कंबरभर पाण्यात उभं राहून म्हशींची दावी सोडली. मोठी जनावरं पोहत निघाली. नुकतंच जन्मलेलं एक रेडकू होतं, ते तिनं उचललं, पण पाण्याच्या लोंढ्यानं ते तिच्या हातातून हिसकावलं. ते माझ्याकडे आलं. माझ्या तोंडातल्या त्या कचऱ्याच्या बोळ्याला येऊन अडकलं. मित्रांनो, मला हात नाहीत. याच्यापुढं मी त्याबद्दल बोलणार नाही.

तानाबाईनं म्हशी वळवल्या आणि पेठेतल्या एकाच कोरड्या जागेकडे नेल्या. तालमीच्या पायऱ्या चढून थेट आत! दारातला पोरगा हडबडला.

"मामी, मामी! हितं चपला काढून यायचं असतंय!"

"म्हशीस्नी चपला न्हाईत बाळा," तानाबाई म्हणाली आणि सगळ्या म्हशी हौद्यात बसवल्या. लाल मातीत. त्याही अशा ऐटीत रवंथ करायला लागल्या, की जणू पुढची कुस्ती त्यांचीच आहे.

दुसऱ्या दिवशी पाणी ओसरलं. बाळासो चिखल तुडवत आला आणि आधी शटर उघडून बघितलं. सगळे ढोल ठणठणीत कोरडे होते. तो खूश होऊन मागं वळला, तर समोर तानाबाई.

"ढोल भिजलं न्हाईत न्हवं?" तिनं विचारलं.

बाळासोची मान खाली गेली. "काकी, म्हशी तेवढ्या बाहेर काढा. हौदा बाटतोय. नागपंचमीला मैदान हाय, पोरांनी कुठं घाम गाळायचा?"

"माझ्या गोठ्यात गाळा. तितं लई चिखल हाय."

"चेष्टा नको काकी."

"चेष्टा मी करतोय व्हय? तुमी पाण्याच्या वाटंवर ढोल ठिवलं, मी तुमच्या मातीत म्हशी ठिवल्या. तुमची भिंत पडू दे, माझ्या म्हशी उठतील. तवर एक शेपूट हलणार न्हाय."

पेठेत दोन तट पडले. निम्मे म्हणाले, बाई बरोबर आहे. निम्मे म्हणाले, हौद्यात शेण म्हणजे काय? आणि या गोंधळात महापालिकेचे एक साहेब आले. त्यांनी मला वरून बघितलं. खाली वाकून नव्हे, वरून. म्हणाले, "जुनं बांधकाम आहे, याच्यामुळंच पाणी तुंबलं. पाडून पाइप टाकू." आणि माझ्या कठड्यावर लाल रंगानं ही मोठी फुली मारली.

माझ्या अंगाचा असा संताप झाला म्हणता! तुंबवलं तुम्ही, भिंत घातली तुम्ही, आणि फुली माझ्यावर?

तानाबाई पुढं आली. "साहेब, पाइप केवढा?"

साहेबांनी दोन्ही हात पसरून दाखवलं.

"एवढ्यात माझी म्हस मावंना."

"मावशी, म्हशीसाठी नाही, पाण्यासाठी आहे तो."

"काल आलं ते पाणी म्हशीपरास बारीक हुतं व्हय?"

लोक हसले. साहेबही हसले, पण फुली काही पुसली नाही. बाळासोनं मात्र तेवढ्यात मोका साधला. "झालं की मग! मोरीच जाणार हाय, तर भिंत कशाला फोडायची? काकी, आता तरी उठवा म्हशी."

"पाइप यील तवा यील," तानाबाई म्हणाली. "पाऊस उद्या हाय."

आता वस्ताद काय म्हणतात, याकडे सगळ्यांचे डोळे लागले. आण्णा वस्ताद पुण्याला लेकीकडे गेले होते, ते परतले. काठी टेकत हौद्यापाशी आले. ज्या मातीला पाय धुतल्याशिवाय कुणी शिवत नाही, तिच्यात म्हशींचं शेण पडलेलं. मला वाटलं, आता तानाबाईची धडगत नाही, आणि माझीही नाही. या म्हाताऱ्यानं भिंत राहू दे म्हटलं असतं, तर पेठेत दुसरा शब्द निघाला नसता. मग पुढच्या पावसात मी पुन्हा गुदमरले असते, गल्ली पुन्हा बुडाली असती, आणि मग मला पाडा म्हणून पेठेनंच साहेबांना हात जोडले असते.

वस्तादांनी एका म्हशीच्या पाठीवर थाप मारली. "मांड्या बघा हिच्या. तुमच्यात हाय का एकाची अशी?"

मग त्यांनी तानाबाईकडे बघितलं.

"रेडकू गेलं म्हणं, तानाबाई."

"गेलं वस्ताद."

वस्ताद पोरांकडे वळले. "पैलवान हौद्यात उतरायच्या आधी काय करतोय?"

"हौदा उकरतोय, वस्ताद."

"का?"

"माती दाबून बसली म्हंजे अंग मोडतंय."

"मग ओढा दाबून बसला, आता कुणाचं अंग मोडलं? फावडी उचला. आजपास्नं मेहनत मोरीत. जोर न्हाईत, बैठका न्हाईत. जो ढोल वाजवतोय त्यो पयला. बाळासो, तू सगळ्यांच्या पुढं."

बाळासोनं लंगोट कसला आणि उतरला. पहिली पहार रशीदनं घातली. "भिंत माझीच हाय," तो म्हणाला, "कुठं कच्ची ठिवलीय ते मला ठावं हाय." "मुद्दाम कच्ची ठिवलीस व्हय रं?" बाळासोनं विचारलं. रशीदनं हसत दुसरा घाव घातला.

वीट पडली आणि माझ्या आत वारा शिरला. किती वर्षांनी! मग त्या पोरांनी खालच्या तोंडातला गाळ उपसायला सुरुवात केली. घमेली खांद्यावरून खांद्यावर गेली. आधी नाकं मुरडत होते, मग पैजा लागल्या, मग कोण जास्त काढतो म्हणून आरडाओरडा. गाळातून निघालेलं काय सांगू? हेल्मेट निघालं, प्रेशर कुकरचं झाकण निघालं, निवडणुकीचे फलक निघाले आणि पिशव्या, पिशव्या, पिशव्या. त्या रस्त्याकडेला रचल्या तेव्हा ज्यांच्या होत्या ते दुसरीकडे बघत निघून गेले. तानाबाईनं पोरांना घागरीनं दूध पाजलं, आणि पाजताना बोलायचंही सोडलं नाही. "घाणेरड्यांनो, हात धुऊन प्या."

संध्याकाळी तिनं स्वतःच्या हातानं म्हशी उठवल्या. हौद्यातली वरची माती काढून टाकली, नवी भरली. ढोल कुठं ठेवायचे, यावर तालमीत अजून भांडण चालू आहे. चालू द्या. माझ्या घशात नाहीत, एवढं मला पुरे.

त्यानंतर चारच दिवसांत तसाच पाऊस पुन्हा आला. नदी तशीच फुगलेली. गल्लीतले लोक भांडी माळ्यावर चढवून दारात उभे राहिले. ओढा धावत आला. मी दोन्ही तोंडं उघडली. मित्रांनो, काय आवाज होता तो! पाणी तानाबाईच्या गोठ्याच्या उंबऱ्यापर्यंत चढलं, तिथं थबकलं, आणि मग माझ्याकडे वळून निघून गेलं. तानाबाई उंबऱ्यात हातात दावी धरून उभी होती. तिनं ती परत खुंटीला अडकवली.

आता आत्मकथेच्या शेवटी हात जोडून विनवणी करायची असते, असं म्हणतात. मी नाही करणार. मला तुमची दया नको, हळदीकुंकू नको, माझ्यावर रंगीत दिवेही नकोत. पावसाळ्याआधी फावडं घेऊन या. तुमची पिशवी तुमच्या घरी ठेवा. जिथं कोरडी जागा दिसेल तिथं सामान भरण्याआधी विचारा, ही जागा कुणाची आहे. बहुतेक वेळा ती पाण्याची असते, आणि ते गावाला गेलेलं असतं, मेलेलं नसतं.

लाल फुली अजून माझ्या कठड्यावर आहे. पाइपाचं काम मंजूर झालंय, असंही कुणी कुणी बोलतं. होऊ दे. ज्या साहेबांनी ती मारली त्यांना माझा निरोप सांगा. उन्हात येऊ नका, भर आषाढात या. छत्री घ्या, माझ्या कठड्यावर उभे राहा, वाकून खाली बघा. माझी दोन्ही तोंडं बोलत असतील. ऐकून घ्या, आणि मग पहार उचला. उचलवली तर.