साडेतीन मिलिमीटर

सायकलची चेन पडली की बहुतेक माणसं चेनला शिव्या देतात. मी चालवणाऱ्याला दिल्या. चालवणारा माझा मुलगा होता, मुकुल. गेल्या ऑक्टोबरात डेंग्यूने नऊ दिवसांत गेला. सत्तावीस वर्षांचा होता.

त्याची सायकल तेव्हापासून आमच्या मुलुंडच्या घरी बाल्कनीत चादरीखाली उभी होती. जुनी इंग्लिश रेसिंग सायकल, माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी लहान. कॉलेजात असताना कुर्ल्याच्या भंगारातून त्याने आणली तेव्हा नुसती फ्रेम आणि गंजलेली चाकं होती. तिला उभं मी केलं. मी राजेश परब, भांडुपच्या एका कारखान्यात अडतीस वर्षं टूलरूम फिटर, टोकन नंबर ४१७.

आमच्या टूलरूमचा एक रिवाज होता. ज्याच्या हातून जॉब, म्हणजे घडवायला दिलेला भाग, बिघडे, त्याच्या जॉबवर लाल ठिपका लावायचा आणि शेजारी त्याचा नंबर घालायचा. मग दिवसभर तो जॉब सगळ्यांना दिसेल असा रॅकवर. ठिपका चुकून लागला असेल तर ज्याने लावला त्यानेच पुसायचा, ज्याच्या नावावर लावला त्याला समोर उभं करून, चारचौघांत 'जॉब पास' म्हणून. अडतीस वर्षांत माझ्या नंबराचा ठिपका एकदाही लागला नाही. माझे वडील गिरणीत होते. ते म्हणायचे, "हाताक लाज व्हयी." ती लाज मी जरा जास्तच बाळगली. स्वतःपुरती ठेवली असती तर बरं झालं असतं.

सहा वर्षांपूर्वी मुकुलच्या सायकलिंग ग्रुपची येऊरच्या चढावर शर्यत होती. सायकल माझ्या हातची, म्हणून मीही बघायला गेलो. चढावर त्याची चेन तीनदा पडली. शेवटचा आला, हात कोपरापर्यंत काळे. मला म्हणाला, "बाबा, मागचं चाक एकदा बघाल का?" मी सगळ्या पोरांसमोर म्हटलं, "नाचता येईना अंगण वाकडं. गिअर टाकायची अक्कल नाही तुला." लोकांकडे आपला तो बाब्या असतो. आमच्याकडे आपलं तेच कार्टं.

एवढ्यावर माझं भागलं नाही. घरी येऊन नीलमची, म्हणजे माझ्या बायकोची, लाल नेलपॉलिश घेतली आणि त्याच्या गिअरच्या दांडीवर ठिपका लावला. शेजारी लिहिलं, 'म'. तो हसला. शर्यतीत मात्र पुन्हा उतरला नाही. त्याच सायकलवरून ऐरोलीच्या पुलावरून ऑफिसला जात राहिला, आठवड्यातून दोनदा काळे हात घेऊन घरी येत राहिला. ठिपका त्याने खरवडला नाही.

रविवारी त्याचा वाढदिवस होता. त्याची मैत्रीण सई, नाहूरला राहते, तिने फोन केला. ग्रुपमधले सगळे त्या दिवशी येऊर चढणार होते, तिला मुकुलची सायकल न्यायची होती. मी काही बोलायच्या आत नीलम म्हणाली, "घेऊन जा गं. गंजून जाण्यापेक्षा कुणीतरी चालव." मग मला म्हणाली, "आणि तुम्ही, तिची चेन पडू देऊ नका."

शनिवारी सकाळी सायकल उलटी करून बसलो. चेन पट्टीने मोजली, ताणलेली नव्हती. पुढचं दातेरी चक्र फिरवून पाहिलं, डगमग नाही. गिअरची तार नवी घातली. पायडल हाताने फिरवलं, बारावा की पंधरावा फेरा, आणि चेन पडली.

मी तिथेच थांबलो. हाताने फिरवत होतो मी. कुणी गिअर टाकला नव्हता.

मागून डोळा लावून पाहिलं तर मागच्या चक्र्या पुढच्या चक्राच्या रेषेत नव्हत्या. अशा वेळी फ्रेमच तपासायची असते. त्याला महागडं यंत्र लागत नाही. मागचं चाक ज्या दोन दांड्यांमध्ये बसतं त्याला चिमटा म्हणतात. चाक काढलं, चिमट्याच्या उजव्या टोकाला दोरा बांधला, पुढे हँडलखालच्या नळीला वळसा घालून डाव्या टोकाला आणून ताणला. मधे सीटची उभी नळी येते. तिच्यापासून दोरा दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर हवा. डावीकडे सत्तावीस मिलिमीटर. उजवीकडे साडेतीस.

पुन्हा मोजलं. चष्मा पुसून पुन्हा मोजलं. साडेतीन मिलिमीटरचा फरक.

पडून फ्रेम वाकली असती तर रंगाला चीर दिसली असती, कुठे पोचा दिसला असता. काही नव्हतं. आणि मग मला आठवलं. सायकल उभी करताना मी घातलेलं नवं चाक जुन्या चिमट्यापेक्षा सहा मिलिमीटर रुंद होतं. ते बसावं म्हणून मी चिमट्यात आट्यांची सळई आडवी घालून, नट फिरवत चिमटा फाकवला होता. एकूण अंतर मोजलं, बरोबर भरलं, खूश झालो. कुठली बाजू किती हलली ते पाहिलंच नाही. उजवी दांडी चेनच्या बाजूला चेपलेली असते, म्हणून नरम. सगळे सहा मिलिमीटर तिनेच घेतले. मधली रेषा धरून मोजा, हे मी आयुष्यभर अप्रेंटिस पोरांना ओरडून शिकवलं होतं. शिवाय चाक बसवल्यावर ते जरा उजवीकडे दिसलं, हेही आठवलं. तेव्हा मी नट सैल करून ते तिरकं ओढलं होतं, मधोमध दिसावं म्हणून. म्हणजे माझ्या हाताला कळलं होतं. मी त्याला गप्प बसवलं होतं.

बेल वाजली. सई होती. सायकल उलटी, त्यावर ताणलेला दोरा, हे पाहून ती दारातच थबकली.

"काका, तुम्ही पण दोरा लावलात?"

"पण म्हणजे?"

नीलमने तिला पाणी दिलं, खुर्ची दिली. मी म्हटलं, "सई, सांग."

"येऊरनंतर आठवड्याभरात आम्ही माझ्याकडे दोरा लावून बघितला होता. फ्रेम आउट आहे, त्याला तेव्हाच कळलं. मी म्हटलं, काकांना सांग ना, ते अर्ध्या तासात सरळ करतील. किंवा दुसऱ्या कुणाकडून करून घे, यार."

"मग?"

"नाही म्हणाला. म्हणाला, बाबांनी कधी एक जॉब रिजेक्ट होऊ दिला नाही, आता रिटायर झाल्यावर माझ्या सायकलने त्यांच्यावर ठिपका लावू? आणि बाहेरून सरळ केली तर त्यांना बघताक्षणी कळेल. राहू दे, चेन काय, दोन मिनिटांत चढते." ती खाली बघत म्हणाली, "सॉरी काका. मी सांगणार नव्हते."

पाच वर्षांहून जास्त. आठवड्यातून दोनदा तो पुलाच्या वाऱ्यात खाली बसून चेन चढवत होता, आणि घरी आला की मी विचारायचो, "आज पण पाडलीस का?" तो साबण लावून हात धूत राहायचा. मी रडलो. तो गेला तेव्हा माणसांसमोर रडलो नव्हतो, तेव्हा लोकांना सावरत होतो. सईसमोर, हातात दोरा धरून रडलो. नीलम शेजारी येऊन बसली.

मग उठलो. माळ्यावरून देवदारची लांब फळी काढली. सईने फ्रेम धरली, मी फळी चिमट्यात अडकवून उजवी दांडी आत दाबली, डावी बाहेर ओढली. थोडं दाबायचं, दोरा लावायचा, मोजायचं. टोकं एकमेकांना समांतर केली. चाक सरळ बसवलं. सगळं मिळून पंचवीस मिनिटं लागली. पायडल फिरवलं. शंभर फेरे मोजले, सगळे गिअर बदलून. चेन जागची हलली नाही.

"नेलपॉलिश आहे?" मी नीलमला विचारलं. तिने बाटली आणली. ऑक्टोबरपासून उघडली नव्हती, घट्ट झाली होती. थिनरचे दोन थेंब घातले आणि चिमट्याच्या उजव्या दांडीवर, मागून येणाऱ्या कुणालाही दिसेल असा, ठिपका लावला. शेजारी लिहिलं, ४१७.

सईला ठिपक्याचा अर्थ ठाऊक होता, मुकुलने सांगितला असणार. तिने खिशातून रुमाल काढला, त्यावर थिनर घेतलं आणि गिअरच्या दांडीवरच्या 'म'कडे हात नेला.

"तो राहू दे," मी म्हटलं.

"पण काका, चूक त्याची नव्हती ना."

"नव्हती. पण तो मी लावलाय, मलाच पुसायला हवा. आणि पुसताना मुकुल समोर उभा लागतो."

तिने रुमाल खिशात ठेवला. नीलमने सायकलच्या सीटवरची धूळ पदराने पुसली, आणि आम्ही तिघं मिळून सायकल लिफ्टपर्यंत नेली.