एकाच बाजूचे फोटो

कुहली हा मासा पाळायला सोपा आणि बघायला अवघड. बोटभर लांब, सुतळीएवढा जाड, अंगावर पिवळे आणि काळपट पट्टे, तोंडाशी बारीक मिशा. दिवसभर तो वाळूत डोकं खुपसून असतो, नाहीतर लाकडाखाली एकमेकांत गुंतून पडलेला असतो. घरी आलेल्यांना आमची टाकी रिकामीच वाटते. "पाणी छान पाळलंय तुम्ही," असं एक शेजारी म्हणाले होते.

मासे बायकोचे. वाळू बारीक हवी, नाहीतर त्यांची अंगं खरचटतात. फिल्टरच्या तोंडाला स्पंज हवा, नाहीतर ते आत शिरून अडकतात. झाकणाला फट नको, नाहीतर सकाळी फरशीवर सापडतात. हे सगळं तिनं शिकून घेतलं. मी फक्त पुस्तक आणलं. आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासल्यामुळे मी कुठल्याही गोष्टीची सुरुवात पुस्तकापासून करतो आणि बहुधा तिथेच थांबतो. काहींचे पट्टे पोटापर्यंत जातात, काहींचे अर्ध्यावर थांबतात, त्यावरून जाती ठरतात, असं पुस्तकात होतं. आमचे मासे नेमके कुठले, हे मी बरेच दिवस ठरवत होतो.

"तुमचं ठरेपर्यंत त्यांना नातवंडं होतील," बायको म्हणाली. तिनं त्यांना नावंच देऊन टाकली. दोन्ही डोळ्यांवरून काळा पट्टा गेलेला तो चष्मा. शेपटीजवळ पट्टाच नसलेला तो कोरा. पाठीवरचा एक पट्टा खाली येताना दोन पायांसारखा फाटलेला, तो फाटा. असे आणखीही होते. मला ती नावं कधी नीट लावता आली नाहीत.

गुरुवारी दुपारी मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, एकटाच घरी आला. तो आणि माझी बायको मिळून औषधांचं दुकान चालवतात. परवाना तिच्या नावावर आहे आणि तो चौकटीत घालून गल्ल्यामागच्या भिंतीवर लावलेला आहे. मेहुणा तिच्यापेक्षा बराच लहान, पण त्याचेही केस आता पांढरे झालेत.

"भाऊजी, ताईला जरा डोळ्यांचं विचारा ना."

"तू विचार."

"मी? ती माझ्या हातात फडकं देईल आणि म्हणेल, आधी मागचे खण पूस."

मी हसलो, तो हसला नाही. त्यानं सांगितलं, परवा एक बाई रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आली होती. ताईनं खणातून गोळ्यांची पट्टी काढली, बाईनं सांगितलेलं नाव आणि ताकद मोठ्यानं म्हटली आणि पट्टी पुढे केली. बिल करताना मेहुण्यानं पाहिलं तर गोळ्या दुप्पट ताकदीच्या होत्या.

"ताई म्हणाली, हल्ली सगळी वेष्टनं सारखीच असतात. ते खरंय. पण भाऊजी, पट्टी डोळ्यांसमोर धरून तिनं नाव, ताकद, सगळं वाचलं. जे हातात होतं ते नव्हे, जे मागितलं होतं ते."

सोमवारी त्याचं हर्नियाचं ऑपरेशन होतं. दोनदा पुढे ढकललेलं. तो घरी पडून असेपर्यंत दुकान तिच्या एकटीच्या हाती राहणार होतं.

"तुम्ही विचारा. काही असेल तर मी पुन्हा पुढे ढकलतो."

"पुढे ढकलण्याबद्दल डॉक्टर काय म्हणाले होते?"

"ते राहू द्या. तुम्ही ताईला विचारा."

मला विचारता येईना. हॉटेलात पाणी मागायचं तरी मी आधी मनात वाक्य जुळवतो. आणि विचारायला माझ्याकडे होतं काय? गेले काही महिने ती टाकीसमोर तिरकी बसत होती, मान वळवून. मान आखडली असेल समजून मी तिला उशी आणून दिली होती. तिनंही ती मुकाट्यानं घेतली होती. आता वाटत होतं, मान नव्हे, डोळेच असतील. पण मला जे वाटतं ते बहुतेक वेळा चूक निघतं, हाही अनुभव होता. चांगल्या बाईवर आंधळेपणाचा आरोप करायचा आणि तिला स्वच्छ दिसत असायचं!

म्हणून मी माशांचा आधार घेतला. तिला ते सगळे पट्ट्यांवरून ओळखू येतात; ओळखता आले तर डोळे ठीक आहेत. त्यासाठी आधी मला ते यायला हवेत. मी माशांच्या खाण्याच्या गोळ्या नेहमी डाव्या कोपऱ्यातल्या नळीतून सोडतो, त्यामुळे खायच्या वेळी सगळे तिकडे तोंड करून पुढच्या काचेशी येतात. दोन दिवस मी मोबाइलवर एकेकाचे फोटो काढले आणि मुद्रितासारखे पट्टा-पट्टा तपासून पाठ केले. शनिवारी संध्याकाळी ती दुकानातून आली, हातपाय धुऊन टाकीसमोर बसली, तेव्हा मी शेजारी खुर्ची ओढली.

"आज काय, मासे बघायला?" ती म्हणाली. "पुस्तक संपलं वाटतं."

टाकीतल्या छोट्या कुंडीमागून एक कुहली निघाला आणि काचेला लागून उजवीकडे चालला.

"हा कोण?" मी विचारलं. आवाज शक्य तितका सहज ठेवला.

"फाटा."

मी वाकून पाहिलं. फाटलेला पट्टा कुठेच नव्हता. सगळे पट्टे सरळ, अखंड. मी खिशातला फोन काढला, एकेक फोटो पाहिला. तो फाटा नव्हता.

"हा फाटा नाही," मी म्हणालो.

"मग कोण?"

"ते माहीत नाही. पण फाटा नाही. हे बघ, माझ्याकडे फोटो आहे."

तिनं फोनकडे पाहिलं नाही. "एकाच बाजूचा असेल. ह्यांचे दोन्ही बाजूंचे पट्टे सारखे नसतात हो. थांबा, वळू दे त्याला."

मासा काचेच्या टोकाशी गेला, अडखळल्यासारखा थांबला आणि वळला. त्या अंगावर पाठीपासून खाली उतरणारा पट्टा स्पष्ट दोन पायांचा होता.

मी इतका हसलो की ती माझ्याकडे बघायला लागली. माझे सगळे फोटो डाव्या अंगाचे होते. डाव्या कोपऱ्यात खायला घालायचं, डावीकडे तोंड केलेले मासे टिपायचे आणि त्यावर बायकोची परीक्षा घ्यायची. जन्मभर पानाच्या दोन्ही बाजू तपासणाऱ्या माणसानं केलेली ही करामत. पण मला लाज वाटत नव्हती, हायसं वाटत होतं. तिचे डोळे ठीक होते. मेहुण्याला सांगू, जा खुशाल ऑपरेशनला.

"पण तुला कसं कळलं?" मी विचारलं. "ह्या बाजूनं तर तो कुणासारखाही दिसतो."

"कुंडीमागून आला ना. तिथून तोच येतो. आणि वळायच्या आधी असा अडखळतो. चष्मा लाकडाखालून येतो, सरळ. कोरा सगळ्यांच्या मागून, नाइलाजानं आल्यासारखा."

"आणि पट्टे?"

"पट्टे कशाला लागतात?"

हे ती सहज म्हणाली. मी खुर्ची तिच्याकडे वळवली.

"आत्ता पट्टे दिसतायत तुला?"

ती काही वेळ मांडीवरचा पदर सारखा करत राहिली.

"समोर बघितलं की मधेच पुसल्यासारखं होतं. कडेनं दिसतं. वर्ष झालं असेल."

"मग दुकानात?"

"दुकानात मला जागा पाठ आहेत. कुठल्या खणात काय, ते झोपेतही सांगेन. परवा त्यानं मला न सांगता दोन खणांची अदलाबदल केली, म्हणून तेवढं झालं." मग हळू आवाजात, "त्याला सांगू नका. त्याला आता चालतानासुद्धा दुखतं, मी बघते ना. सांगितलंत तर तो ऑपरेशनला जायचा नाही."

"तुला बघता येत नाही."

"तुम्ही येऊन बसा ना माझ्याजवळ. जन्मभर बारीक अक्षरं वाचलीत. तुम्ही नाव वाचा, मी देते. आठवडा तर निघेल."

मला ते जवळजवळ पटलंच होतं, खोटं कशाला बोलू. कुणी मला कामाचा माणूस म्हणावं आणि तेही तिनं, असं कितीदा होतं? पण समोरचा मासा पुन्हा कुंडीमागे गेला होता, आणि आत्ताच, फोटो हातात घेऊन, पूर्ण खात्रीनं मी चुकीचं बोललो होतो. इथे माझ्या चुकीनं कुणाचं काही बिघडलं नाही; दुकानात बिघडलं असतं.

"नाही," मी म्हणालो. "दुकान बंद ठेवायचं."

"आठवडाभर? लोक कुठे जातील?"

"दुसऱ्या दुकानात."

"आणि तिथून परत येतील?"

मी मेहुण्याला फोन लावला. त्यानं उचलल्यावर मात्र मनात जुळवलेलं वाक्य सापडेना. "अरे, तुझी ताई," एवढंच म्हणालो आणि अडकलो.

"आणा इकडे," ती म्हणाली.

फोन तिच्या हातात दिला. तिनं तो कानाला लावला, तोंड भिंतीकडे केलं.

"ऐक. सोमवारपासून दुकान बंद. का म्हणजे? मला दिसत नाही म्हणून. हो, खरंच. नाही, रडत नाहीये." मग बराच वेळ ती नुसतं ऐकत होती. "तू ऑपरेशन पुढे ढकललंस तर मी तुझ्याशी बोलणार नाही. परवान्याचं मागाहून बघू. गाढवा, आधी मला विचारायचं होतंस. ह्यांना काय विचारतोस?"

फोन ठेवून ती पुन्हा टाकीकडे वळली. दवाखान्यात कधी जायचं, असं मी विचारलं. ती टाकीच्या झाकणाला फट आहे का, ते बोटांनी चाचपू लागली. मी पुन्हा विचारलं, मनात वाक्य न जुळवता.